बुट्टीतले प्रवासी

इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथील वाचकांना 'बुट्टी' हा शब्द कदाचित परका वाटेल. आमच्या बेळगाव भागात टोपलीला बुट्टी म्हणतात. कन्नडच्या शेजाराने आमच्या मराठीला जे शब्द दिले, त्यांपैकी हा एक. भाकरीची बुट्टी, भाजीची बुट्टी, शेणाची बुट्टी. आणि सायकलच्या हँडलला पुढे अडकवलेली असते तीही बुट्टीच. या शेवटच्या बुट्टीतून जे प्रवासी आमच्या रस्त्यांवर ये-जा करताना दिसतात, त्यांच्याविषयी लिहिण्याचे योजले आहे. त्यांना आपण मुके प्राणी म्हणतो खरे. पण कुत्र्याचे पिल्लू, मांजर किंवा कोंबडी यांच्यापैकी कोणाला सायकलवर बसवून पाहावे, म्हणजे मुकेपणाविषयीची आपली कल्पना बदलते.

कडोली हे गाव बेळगाव शहराच्या उत्तरेस, काकतीच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. वस्ती शेतकऱ्यांची; भाजीपाला आणि बटाटा ही नेहमीची पिके. दर वर्षी जानेवारीच्या सुमारास येथे मराठी साहित्य संमेलन भरते, आणि सीमाभागातील वाचकांना गावाचे नाव मुख्यतः त्यामुळे ठाऊक आहे. गावातून शहराकडे जाणाऱ्या रस्त्याने एके काळी पहाटे सायकलींची रांग लागे. मागच्या कॅरियरला दोन बाजूंनी दुधाच्या किटल्या, हँडलला कोथिंबिरीच्या जुड्यांची पिशवी आणि नळीवर बसलेले घरचे पोर, असा एकेका सायकलीचा संसार असे. आता ती जागा मोटारसायकलींनी घेतली आहे. सायकली राहिल्या त्या शाळेच्या मुलांकडे आणि ज्यांचे पाय पायडलवाचून दुसऱ्या कशाला तयार होत नाहीत अशा म्हाताऱ्यांकडे.

तसे पाहिले तर सायकल ही वस्तू बेळगावला फार जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. लक्ष्मणरावांचा जन्मही याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा, १८६९ सालचा. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची चैन होती. ती विकणे वेगळे आणि विकत घेणाऱ्याला तिच्यावर बसायला शिकवणे वेगळे, असा तो व्यवहार होता. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. म्हणजे 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' या मासिकांचे कूळ शोधत गेल्यास ते बेळगावच्या एका सायकलच्या दुकानाशी येऊन थांबते. हे थोडे विषयांतर झाले. पण मासिकासाठीच लिहीत असताना त्याचा मोह आवरला नाही.

आमच्या शाळांतून सायकली वाढल्या त्या २००६-०७ नंतर. कर्नाटक सरकारने सरकारी शाळांतील आठवीच्या मुलींना आणि पाठोपाठ मुलांनाही मोफत सायकली देण्याची योजना सुरू केली. पुढे तीत खंड पडला, तरी त्या वर्षांतल्या सायकली अजून धाकट्या भावंडांकडे वापरात आहेत. मुलींच्या सायकलीला पुढे जाळीची बुट्टी असते. सरकारच्या मनात ती दप्तरासाठी असावी. मुलांच्या मनात मात्र ती रिकामी जागा म्हणून आली, आणि मुलांना रिकामी जागा दिसली की तिच्यात काहीतरी जिवंत ठेवावेसे वाटते. मांजराची पिल्ले, पांढरे ससे, नुकतेच जन्मलेले करडू, क्वचित कासव, हे सगळे मी शाळेच्या फाटकाशी सायकलवरून उतरताना पाहिले आहेत. एका मुलाने कोंबडीला तिच्या पिल्लांसह आणले होते. कारण विचारता, 'घरात कोण न्हाई, मांजर खाईल' असे उत्तर मिळाले. त्या दिवशी वर्गाच्या पटावर अकरा हजेऱ्या अधिक होत्या.

गमतीचा भाग येथे संपतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो.

आठवीतील एका मुलीला उसाच्या बांधावर टाकून दिलेले कुत्र्याचे पिल्लू सापडले. आजीने ते ठेवून घेण्यास परवानगी दिली, पण अट घातली की आधी त्याला 'पिसाळायची सुई' टोचून आणायची. आजीच्या माहेरी कोणी तरी कुत्रे चावून दगावले होते, आणि पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ तिने पाहिला होता. पिल्लू तीन महिन्यांचे होण्याची वाट पाहिली गेली. जवळच्या दवाखान्यात त्या आठवड्यात लस नव्हती. शहरात जाणे भाग होते. रिक्षावाल्याने सांगितलेले भाडे तिच्या आईच्या दिवसाच्या मजुरीएवढे. तेव्हा ती पिल्लाला पिशवीत घालून बसच्या थांब्यावर गेली. पुढचे तिच्याच शब्दांत देतो.

"बस मिळाली की, सर. पण कंडक्टरनं कुत्र्याला घेतलं न्हाई. कुत्रं खाली ठेव, मग तू चढ, म्हणाला."

"मग?"

"मग मी बी खाली उतरलो."

(आमच्याकडे मुलीही 'उतरलो' असेच म्हणतात. व्याकरणप्रेमी वाचकांनी ते पोटात घालावे.)

हे वाक्य ऐकून मला महाप्रस्थानिक पर्वाची आठवण झाली. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडले, धर्मराज एकटा उरला, मागे एक कुत्रे उरले. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड आणि रथात चढ. धर्मराजाने नकार दिला. वाहनात कुत्र्याला घ्यावे की नाही, यावरून आपल्या वाङ्मयात झालेला हा पहिला वाद असावा, आणि त्यात महाभारतकार कोणाच्या बाजूने आहेत याविषयी शंका राहत नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबासोबत कुत्रे आहे, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहेत. अशा परंपरेत वाढलेल्या समाजाने पिल्लाला थांब्यावर ठेवून जायला सांगावे, यात विसंगती आहे. परंतु बसमधील गर्दीचा विचार करता त्या वाहकाची अडचणही मला समजते. असो.

मुलगी घरी गेली. थोरल्या बहिणीला योजनेत मिळालेली सायकल काढली, बुट्टीत पोते अंथरले, त्यावर पिल्लू ठेवले आणि ते उडी मारू नये म्हणून त्याच्या गळ्याला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक हँडलला बांधले. चुलत भाऊ दुसऱ्या सायकलवर सोबत होता. हंगाम उसाचा. समोरून ट्रॉल्या ओढीत आलेल्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला, पिल्लू बिचकले आणि बुट्टीबाहेर झेपावले. सुतळी जमिनीपर्यंत पोचण्याएवढी लांब नव्हती. ते गळ्याला फास बसून चाकाशेजारी लोंबकळू लागले. मुलीने सायकल सोडून दिली आणि सुतळी दातांनी तोडण्याचा प्रयत्न केला. मागून येणाऱ्या एका दूधवाल्याने विळ्याने ती कापली. पिल्लू वाचले. लस त्याच दिवशी, दुपारी उशिरा, टोचली गेली. परंतु दुसऱ्या दिवशी ती मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. महिन्याने दुसरी मात्रा द्यायची होती. "मग न्यायचं कसं, सर?" एवढाच तिचा प्रश्न होता.

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात एक मोठी गोष्ट आहे. ज्या घरात मोटार नाही, ज्याला रिक्षा परवडत नाही आणि ज्याच्या जनावराला बस घेत नाही, त्या घरच्या प्राण्याला दवाखाना गाठायला सायकल हेच एक वाहन आहे. गाय-म्हशीसाठी डॉक्टर गोठ्यात येतो; कुत्र्यामांजरांसाठी सहसा कोणी येत नाही. आणि ज्या कुत्र्याला लस मिळत नाही, ते पोरांच्याच घोळक्यात वावरते. रेबीज झाला की त्यावर उपाय नाही. उपाय आहे तो आधी. पाश्चरने १८८५ साली जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला कुत्रे चावल्यावर जी लस टोचली, तिच्या वंशातल्या लसी आज दंडात चार-पाच वेळा घेऊन भागते. पोटातली ती चौदा इंजेक्शने इतिहासजमा झाली. जखम झाल्याबरोबर साबण आणि वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे धुवावी, हे मात्र अजूनही पुष्कळांना माहीत नसते. हळद, चुना, मिरचीपूड यांचे लेप लावून वेळ दवडला जातो.

त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शोधले. बांबूकाम करणाऱ्या बुरूड बाईंना बोलावले (कन्नडमध्ये या व्यवसायाच्या लोकांना मेदार म्हणतात). त्यांनी पिल्लू हाताने तोलून पाहिले, त्याच्या पाठीची उंची वितीने मोजली आणि सांगितले की जाळीची बुट्टी कामाची नाही. जाळीत नखे अडकतात, पाय खाली जातो. त्यांनी विणून दिली ती खोल, बुडाला सपाट आणि चौकोनी अशी बुट्टी. वर अर्धगोल झाकण, तेही बांबूचे, आत वारा जाईल अशा विरळ विणीचे. पिल्लू बसले की डोके झाकणाच्या आत, उभे राहिले तरी खांदे काठाच्या खाली. आत पोते, पोत्यावर घरातली जुनी गोधडी. कारण ओळखीच्या वासाने प्राणी शांत राहतो. बांधायची दोरी गळ्याला नव्हे, छातीभोवती आणि पुढच्या पायांमागून घेतलेल्या पट्ट्याला, आणि तीही इतकी आखूड की उडी मारता येऊ नये. जुन्या दप्तराच्या पट्ट्यांपासून तो पट्टा गावातल्या शिंप्याने शिवून दिला.

बुट्टी पुढे लावावी की मागे, यावर मुलांत बरीच वादावादी झाली. पुढे लावल्यास प्राणी डोळ्यांसमोर राहतो, त्यालाही आपला माणूस दिसतो. पण वजन हँडलबरोबर फिरते आणि वळणावर सायकल झोल खाते. मागच्या कॅरियरवर वजन स्थिर राहते, पण मागे काय चालले आहे ते कळत नाही. शेवटी चार-पाच किलोंपर्यंत पुढे, त्याहून जड असेल तर मागे, असे ठरले, आणि माझ्या मते ते योग्य आहे. मागे बसवायचे तर चाकाला साडीगार्ड हवाच, नाही तर शेपूट आऱ्यांत जाते. चेनला कव्हर हवे. सायकल स्टँडवर लावून प्राण्याला आत ठेवून दुकानात शिरणे तर कटाक्षाने टाळावे. एका बाजूचे स्टँड असलेली सायकल पिल्लाच्या एका हालचालीने आडवी होते. आधी प्राणी उतरवावा, मग स्टँड लावावे.

प्राण्याला सवय लावणे हा निम्मा भाग. पहिले दोन-तीन दिवस सायकल अंगणात उभी ठेवून नुसते बुट्टीत बसवायचे. मग सायकल हातात धरून चालवायची. मग गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. निघण्याआधी दोन तास खायला देऊ नये, उलटी होते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकत अंगातील उष्णता कमी करते. म्हणून बुट्टीत स्वस्थ बसलेल्या कुत्र्यालाही ऊन लागते. बेळगावला 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणतात खरे, पण चैत्र-वैशाखातील दुपार येथेही तापतेच. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर निघावे, पाण्याची बाटली आणि पसरट वाटी जवळ ठेवावी.

ही सारी सिद्धता कुत्र्यासाठी. मांजराचे तंत्र वेगळे. मांजर माणसापेक्षा जागेवर अधिक जीव लावते. परक्या रस्त्यावर ते सुटले की बहुधा सापडत नाही. त्याला उघड्या बुट्टीत नेऊच नये. झाकण बंद, वर फडके, आणि प्रवास फक्त दवाखान्यापुरता. सशाला तर घरीच राहू द्यावे. त्याच्या मागच्या पायांत एवढा जोर असतो की घाबरून झटका दिल्यास त्याचाच कणा मोडतो. उन्हाचाही त्याला फार लवकर त्रास होतो. कानांवाटे तो उष्णता बाहेर टाकतो, पण त्याला मर्यादा आहे. मुलांना ससा मिरवायला आवडतो, हे खरे. सशाला मिरवून घ्यायला आवडते, असे मला अद्याप आढळलेले नाही.

मोठ्या जातीच्या कुत्र्यांचा प्रश्नच नाही. आमच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचे शिकारी श्वान प्रसिद्ध आहेत. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे, म्हणजे मराठ्यांचे संस्थान, आणि ही जात जोपासण्याचे श्रेय तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांना दिले जाते. २००५ साली भारतीय टपाल खात्याने या श्वानाचे तिकीट काढले. असे कुत्रे बुट्टीत कसले मावते! पण म्हणून त्याची साखळी हँडलला बांधून त्याला शेजारून पळवण्याचा जो प्रकार काही तरुण करतात, तो मला मुळीच पसंत नाही. मांजर दिसले की कुत्रे एका बाजूला आणि स्वार दुसऱ्या बाजूला. शहरांतून ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात, ते बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ जातीचे असते. 'हम आपके हैं कौन' या १९९४ च्या चित्रपटातला टफी तो हाच. त्याचे वजन बुट्टीत मावण्याजोगे असते, पण अंगावरचे दाट केस उन्हाळ्यात त्याला जड जातात.

परदेशांत ही प्रथा जुनी आहे. हॉलंडमध्ये माणसांपेक्षा सायकली अधिक, आणि वेताच्या बुट्टीत बसलेले कुत्रे हे तेथील नेहमीचे दृश्य. 'द विझर्ड ऑफ ऑझ' या १९३९ सालच्या अमेरिकन चित्रपटात एक खाष्ट शेजारीण डोरोथीच्या टोटो नावाच्या कुत्र्याला सायकलच्या मागच्या बुट्टीत कोंबून नेते, आणि टोटो झाकण ढकलून उडी मारून घरी पळतो. झाकणाला कडी हवी, हे त्या प्रसंगावरूनही कळते. मात्र तेथे आपले मन टोटोच्याच बाजूने असते. अलीकडचे उदाहरण डीन निकल्सन या स्कॉटिश तरुणाचे. सप्टेंबर २०१८ मध्ये तो सायकलवरून जगप्रवासाला निघाला आणि डिसेंबरात बोस्नियाच्या डोंगरी रस्त्यावर त्याला टाकून दिलेले मांजरीचे पिल्लू भेटले. त्याने आधी तिला हँडलजवळच्या पिशवीत बसवले, तर ती खांद्यावर चढून बसली. नाला असे तिचे नाव. पुढे पशुवैद्याकडे नेऊन लस टोचणे, ओळखीची चिप बसवणे, प्रवासाचे कागद करणे, हे सर्व त्याने केले. सगळी मांजरे नालासारखी नसतात, हे सांगायला हवे. तिच्या चित्रफिती पाहून आमच्या मुलांनी आपापल्या मांजरांना खांद्यावर बसवून पाहिले आणि ओरखडे घेऊन शाळेत आली.

कायदा काय म्हणतो, हेही पाहू. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५० च्या दशकात राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले. त्या प्रयत्नांतून १९६० साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमानुसार कोणत्याही प्राण्याला, वाहनातून असो वा वाहनावाचून, विनाकारण वेदना होतील अशा रीतीने नेणे हा गुन्हा आहे. सायकलही यातून सुटत नाही. कायदा झाला तेव्हा पहिल्या गुन्ह्यासाठी दंड ठेवला तो जास्तीत जास्त पन्नास रुपये. १९६० साली ही रक्कम जाणवण्याजोगी असेल. बाजाराच्या दिवशी पाय बांधून हँडलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या दिसतात. डोक्यात रक्त उतरून त्यांचे डोळे मिटलेले असतात, आणि पाहणाऱ्याला त्यात काही वावगे वाटेनासे झालेले असते. पाळलेले प्राणी वेगळे आणि कापायचे वेगळे, हा भेद या कलमात नाही, आणि मलाही तो मान्य नाही. शेवटच्या दिवशी तरी कोंबडीने बुट्टीत बसून जावे.

पोपटाचा मामला आणखी निराळा. 'मिठू' पाळण्याची हौस आमच्याकडे फार, आणि पिंजरा हँडलला अडकवून आजोळी नेणारी मुले मी पाहिली आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाच गुन्हा आहे. शेतात सापडणारे पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले कासव, रानससा आणि मोर यांनाही तो कायदा लागू आहे. मुलांना हे सांगितले की ती पहिल्यांदा आजोबांकडे पाहतात, कारण पिंजरा बहुधा आजोबांचा असतो.

त्या पिल्लाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. महिन्याने दुसरी मात्रा झाली. नव्या बुट्टीतून गेले आणि आले, वाटेत बहुतेक वेळ झोपले. वर्षभरात ते बुट्टीपेक्षा मोठे झाले, आणि दर वर्षीच्या लशीसाठी आता त्याला मागच्या कॅरियरवर, मोठ्या बुट्टीत, दोघांनी धरून न्यावे लागते. बुरूड बाईंना तेव्हापासून गावातून अशा सात बुट्ट्यांची मागणी आली. त्यांपैकी दोन मांजरांसाठी होत्या.

पाश्चरचा मृत्यू २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. तो दिवस २००८ पासून जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास पुष्कळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतून कुत्र्यामांजरांना मोफत लस टोचतात. यंदा शाळेच्या फलकावर आम्ही त्याची सूचना आठ दिवस आधी लावणार आहोत. खाली एक ओळ अधिक असेल: सायकलवरून आणणाऱ्यांनी दोरी गळ्याला बांधू नये, झाकणाची बुट्टी शाळेतून मागून न्यावी आणि सोमवारी धुऊन परत करावी.